मैदानातून माइककडे : खेळाडू बोलायला लागतो तेव्हा

(बुटीबोरी येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय ऐकून काही जणांनी विचारलं, की कॉमेंट्रीवर व्याख्यान कशाला? समीक्षा करायची तर नाटकाची करा, कादंबरीची करा. त्यावर आमचं उत्तर साधं आहे. नाटक तीन तासांत संपतं, आणि वर्षातून आपण किती नाटकं बघतो ते आपल्यालाच ठाऊक. आयपीएलची एक मॅच साडेतीन-चार तास चालते, आणि दोन महिने रोज चालते. एवढा वेळ जे बोलणं आपण कानात घेतो, ते चांगलं की वाईट हे कुणी तपासायचं की नाही? क्रिकेटची समीक्षा होते, क्रिकेटपटूंची होते. क्रिकेटवर बोलणाऱ्यांची मात्र थट्टा तरी होते, नाहीतर पूजा. समीक्षा होत नाही.

आणि हे बुटीबोरीत बोलायला एक विशेष कारण आहे. वर्धा रोडनं नागपूरकडे निघालं की जामठ्याचं स्टेडियम वाटेतच लागतं. इतकं जवळ. पण या सभागृहात बसलेल्यांपैकी बहुतेकांची मॅच स्टेडियममध्ये होत नाही, ती मोबाइलवर होते. एमआयडीसीत शिफ्ट असली की फोन खिशात आणि इअरफोन एका कानात. म्हणजे बघा, मोबाइलचा पुन्हा रेडिओ झाला. डोळा मशीनवर, कान मॅचवर. अशा माणसाला कॉमेंटेटर जे सांगेल तेवढीच मॅच. त्यामुळे तो कोण आहे, त्याला काय येतं आणि त्याला पगार कोण देतं, हे तीनही प्रश्न आपल्या कामाचे आहेत.

तर प्रश्न असा मांडू. खेळाडू निवृत्त होतो आणि हातात माइक घेतो. त्या वेळी तो सोबत काय आणतो? काय मागे ठेवतो? आणि या सगळ्यात ऐकणाऱ्याच्या पदरात काय पडतं?

सुरुवात नागपुरातूनच करू. ३१ ऑक्टोबर १९८७. सिव्हिल लाइन्समधलं जुनं व्हीसीए मैदान, रिलायन्स विश्वचषक, समोर न्यूझीलंड. चेतन शर्मानं हॅटट्रिक घेतली, न्यूझीलंडच्या झाल्या २२१. भारताला गटात पहिलं यायचं होतं, म्हणून नुसतं जिंकून भागणार नव्हतं, झपाट्यानं जिंकायला हवं होतं. सुनील गावस्करांनी त्या दिवशी नाबाद १०३ काढल्या आणि सामना ३२.१ षटकांत संपला. वन-डेमधलं त्यांचं हे एकमेव शतक. हेच गावस्कर १९७५ साली लॉर्ड्सवर साठ षटकं खेळून नाबाद ३६ वर राहिले होते, हे आठवा म्हणजे नागपूरची गंमत कळेल. पुढं पाचच दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, वानखेडेवर इंग्लंडविरुद्धची उपान्त्य लढत झाली, ती भारत हरला आणि गावस्करांची कारकीर्द तिथं संपली.

संपली असं आपण म्हणतो. पण हिशेब करा. ते भारताकडून खेळले १९७१ ते १९८७, म्हणजे सोळा-सतरा वर्षं. त्यानंतर खेळाबद्दल लिहीत आणि बोलत आहेत, ती वर्षं त्याच्या दुपटीहून जास्त झाली. आज जे पोरगं चाळिशीत आहे त्यानं गावस्करांची बॅट जुन्या चित्रफितींतच पाहिली, आवाज मात्र आयुष्यभर ऐकला. मग त्यांची मोठी कारकीर्द कोणती? पहिल्या कारकिर्दीवर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत. दुसरीवर काय आहे?

थोडं मागं जाऊ. खेळाडूनं बोलणं ही काही टीव्हीची देणगी नाही. विजय मर्चंट १९५१ मध्ये दिल्लीच्या कसोटीत दीडशतक काढून थांबले आणि पुढं विविध भारतीवर क्रिकेटबद्दल बोलत राहिले. मराठीत पुण्याचे बाळ ज. पंडित. महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले, आकाशवाणीवरून मराठीत धावतं समालोचन करणारे आणि खेळांवर मराठीत भरपूर लिहिणारे. दुसऱ्या बाजूला वि. वि. करमरकर. ते पत्रकार. मराठी वृत्तपत्रात खेळाच्या बातमीला स्वतंत्र जागा आणि मान मिळवून देणारे. म्हणजे मराठीत खेळलेले आणि न खेळलेले, दोघंही बोलत होते आणि कुणी कुणाला ‘तुम्ही कुठं खेळलात’ असं विचारत नव्हतं.

याचं कारण माध्यमात आहे. रेडिओवर चित्र नसतं. गोलंदाज कुठून धावत आला, चेंडू कुठं पडला, फलंदाज पुढं आला की मागं गेला, क्षेत्ररक्षक कुठं पळाला, स्कोअर काय झाला, हे सगळं शब्दानं उभं करावं लागतं. ते करायला भाषा लागते, दम लागतो, नजर लागते. कसोटीच्या टोपीचा तिथं उपयोग नाही. टीव्ही आला आणि हे काम कॅमेऱ्यानं घेतलं. काय झालं ते प्रेक्षकाला दिसतच होतं. आता ‘का झालं’ सांगणारा हवा होता. तिथं खेळाडूची गरज लागली. सुरुवातीला जोडी असायची : एक वर्णन करणारा, एक समजावून सांगणारा. हळूहळू वर्णन करणाऱ्याची खुर्चीसुद्धा खेळाडूकडं गेली. आता कक्षात तीन-तीन माजी खेळाडू असतात आणि ज्याला आपण व्यावसायिक निवेदक म्हणू तसा हर्षा भोगलेंसारखा एखादाच उरला आहे.

ही गोष्ट वाईटच झाली, असं आम्ही म्हणणार नाही. खेळाडू जे आणतो ते दुसरा कुणी आणू शकत नाही. २०२४च्या डिसेंबरात मेलबर्नची कसोटी आठवा. ऋषभ पंत स्कॉट बोलँडला मागच्या बाजूला उचलायला गेला. आधीच्या चेंडूवर तोच फटका चुकला होता. पुन्हा तोच मारला आणि डीप थर्डला नेथन लायनच्या हाती झेल गेला. ऑस्ट्रेलियाच्या रेडिओवर बोलणारे गावस्कर तीनदा ‘स्टुपिड’ म्हणाले. ते तीन शब्द जगभर फिरले, त्याचे विनोद झाले. पण त्यांच्या पुढची वाक्यं किती जणांनी ऐकली? ते म्हणत होते, की तिथं दोन क्षेत्ररक्षक उभे आहेत, आधीचा फटका चुकला आहे, तरीही तू तोच खेळतोस, आणि बघ झेल कुठं गेला. आता बघा, यात राग आहे, पण रागाच्या मागं कारणं आहेत : क्षेत्ररचना, आधीचा चेंडू, संघाची परिस्थिती. हिला समीक्षा म्हणतात. शब्द कडक होता, पण तो कारणांवर उभा होता.

पुढच्या जूनमध्ये लीड्सवर पंतनं शतक केलं. गावस्कर या वेळी तीनदा ‘सुपर्ब’ म्हणाले. लोकांना फार आवडलं. ज्यानं झोडपलं त्यानंच पाठ थोपटली, मनाचा मोठेपणा म्हणून कौतुक झालं. मोठेपणा आहेच. पण समीक्षक म्हणून आम्ही दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले तर दुसरा कमी भरतो. पहिल्या वेळी ते पंतबद्दल बोलत होते. दुसऱ्या वेळी ते थोडेसे स्वतःच्याच गाजलेल्या वाक्याबद्दल बोलत होते. टीव्हीची ही सवय आहे. ती बोलणाऱ्याला त्याच्याच जुन्या वाक्यात कोंडते.

रवी शास्त्रींचंही तेच. २ एप्रिल २०११, वानखेडे, धोनीचा तो षटकार आणि वर शास्त्रींचा आवाज : ‘धोनी फिनिशेस ऑफ इन स्टाइल.’ आज ते दृश्य त्या वाक्याशिवाय आठवत नाही. अठ्ठावीस वर्षांची वाट पाहणं संपलं होतं, आवाज त्या क्षणाला साजेसा होता. पण विश्वचषकाच्या षटकाराला जो आवाज लावला तोच एखाद्या साध्या साखळी सामन्यातल्या, सातव्या षटकातल्या षटकाराला लावला तर काय होतं? मग खरोखर मोठा क्षण येतो तेव्हा वर चढायला पायरीच उरत नाही. ‘ट्रेसर बुलेट’ पहिल्यांदा ऐकला तेव्हा चेंडू दिसला. शंभराव्यांदा ऐकला तेव्हा फक्त शास्त्री दिसले.

इथं एका माणसाचं उदाहरण द्यायला हवं : रिची बेनॉ. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार, उत्तम लेगस्पिनर. १९५६ च्या इंग्लंड दौऱ्यानंतर, अजून खेळण्याची कितीतरी वर्षं पुढं असताना, हा माणूस बीबीसीच्या प्रशिक्षणाला बसला. सिडनीतल्या वृत्तपत्रात पोलिसांच्या बातम्या करायलाही शिकला. निवृत्त झाला १९६४ मध्ये. म्हणजे माइक हाती येण्याआधी त्यानं माइकची उमेदवारी केली होती. आयटीआय करून मग मशीनवर उभं राहावं तसं. त्याच्या बोलण्याचा सगळ्यांत मोठा गुण काय मानतात? गप्प बसणं. पडद्यावर जे दिसतंय त्यात भर घालता येत असेल तरच बोलायचं. आपल्याकडं मात्र कालपर्यंत ड्रेसिंग रूममध्ये असलेला माणूस आज थेट कक्षात दिसतो. खेळणं हेच प्रशिक्षण, असं आपण धरून चालतो. अहो, उत्तम वेल्डरसुद्धा पहिल्या दिवशी वेल्डिंग शिकवू शकत नाही. हाताला येणं वेगळं आणि तोंडाला येणं वेगळं.

आता वादाच्या मुद्द्याकडं येऊ. संजय मांजरेकर. ३७ कसोटी, ७४ वन-डे, लाहोरला पाकिस्तानविरुद्ध द्विशतक. निवृत्तीनंतर त्यांनी ‘इम्परफेक्ट’ नावाचं आत्मकथन लिहिलं. स्वतःच्या फलंदाजीतल्या उणिवांबद्दल इतक्या उघडपणे लिहिणारे भारतीय खेळाडू फार नाहीत. असा माणूस समालोचक म्हणून चांगलाच असणार. आणि आहेतही, फलंदाजाच्या मनात काय चाललंय हे सांगण्यात त्यांचा हात धरणारे थोडे. पण २०१९ हे वर्ष बघा.

विश्वचषक चालू होता. मांजरेकर म्हणाले, की आपल्याला ‘बिट्स अँड पीसेस’ खेळाडू फारसे आवडत नाहीत, वन-डेमध्ये सध्या रवींद्र जडेजा तसा आहे, कसोटीत मात्र तो खराखुरा गोलंदाज आहे. म्हणजे थोडं हे, थोडं ते. हे मत आहे. पटेल, न पटेल. ३ जुलैला जडेजानं जाहीर उत्तर दिलं. त्याचा सूर असा, की मी तुमच्या दुप्पट सामने खेळलोय आणि अजून खेळतोय, ज्यांनी काही मिळवलंय त्यांचा मान ठेवायला शिका. आठवडाभरात मँचेस्टरला उपान्त्य सामना झाला. भारताची पडझड झाली असताना जडेजानं ५९ चेंडूंत ७७ केल्या. भारत १८ धावांनी हरला, पण जडेजा जिंकला. मांजरेकरांनीही ते मोकळेपणानं मान्य केलं.

आमचं लक्ष त्या ७७ धावांकडं नाही. ते आहे जडेजाच्या उत्तराकडं. मी तुमच्यापेक्षा जास्त खेळलोय, म्हणून तुम्ही बोलू नका. हा युक्तिवाद लक्षात ठेवा. कारण त्याच वर्षी नोव्हेंबरात, कोलकात्याच्या गुलाबी चेंडूच्या कसोटीत, हर्षा भोगले कक्षात म्हणाले, की चेंडू नीट दिसतो का हे खेळाडूंना विचारायला हवं. त्यावर मांजरेकरांचा रोख असा होता, की तुम्हाला विचारावं लागत असेल, आम्ही जे खेळलोय त्यांना ते कळतं. चार महिन्यांपूर्वी जी काठी आपल्या पाठीत बसली, तीच त्यांनी उचलली आणि शेजाऱ्याच्या पाठीत घातली. पुढं त्यांनी आपलं चुकलं हे कबूलही केलं, ते त्यांच्या नावावर जमा आहे. पण ही काठी एकट्या मांजरेकरांची नाही. ती आपल्या सगळ्या खेळसंस्कृतीची आहे.

तिचा तर्क शेवटपर्यंत नेऊन बघा. न खेळलेल्यानं रणजीवाल्याबद्दल बोलू नये. रणजीवाल्यानं कसोटीवाल्याबद्दल बोलू नये. ३७ कसोटीवाल्यानं त्याहून जास्त खेळलेल्याबद्दल बोलू नये. मग शेवटी बोलायला उरतं कोण? एकटे ब्रॅडमन. आणि तेही आता नाहीत. गाणं ऐकायला गाता यावं लागत नाही, हे ज्या महाराष्ट्रानं संगीताच्या मैफलींत मान्य केलं, नाट्यगृहात तिसऱ्या रांगेतल्या माणसानं नाटक पाडलेलं ज्यांनी पाहिलं, त्यांनी क्रिकेटमध्ये हे का चालवून घ्यावं? अमोल मुजुमदारांकडं बघा. प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा, भारताची टोपी एकदाही नाही. तेही कॉमेंट्रीच्या कक्षात बसले, आणि २०२३ मध्ये महिला संघाचे प्रशिक्षक झाले. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत त्या संघानं विश्वचषक जिंकला. खेळाची समज टोपी मोजून ठरत नाही, याला आणखी कोणता पुरावा हवा?

आता पगाराचा प्रश्न. तो अवघड आहे, पण टाळून चालणार नाही.

आपल्यापैकी अनेकजण कारखान्यात काम करता. क्वालिटी तपासणारा माणूस प्रॉडक्शनच्या साहेबाच्या हाताखाली दिला, त्याची बढती त्या साहेबाच्या हातात दिली, तर किती माल नापास होईल? सांगायला नको. भारतात अनेक वर्षं नेमकं हेच झालं. मायदेशातल्या सामन्यांचं प्रक्षेपण होताना कक्षातले लोक क्रिकेट मंडळाच्या करारावर होते. ज्या मंडळाचा संघ, ज्या मंडळाची खेळपट्टी, त्याच मंडळाचा समालोचक. २०१३ मध्ये इयन चॅपेल यांनी असं काम नाकारलं. डीआरएस, संघनिवड आणि प्रशासन या विषयांवर बोलायचं नाही, अशी अट आपल्याला सांगितली गेली, असं त्यांनी जाहीरपणे म्हटलं. २०१६ च्या आयपीएलच्या तोंडावर हर्षा भोगले यादीतून गेले. जाहीर कारण नाही. २०२० च्या मार्चमध्ये मांजरेकर मंडळाच्या यादीतून गेले. तिथंही जाहीर कारण नाही. त्यांनी पुढं मंडळाला पत्र लिहून परत घेण्याची विनंती केली. ज्या माणसानं हर्षांना ‘आम्ही खेळलोय’ म्हणून सुनावलं होतं, त्याला आता कळलं की खेळलेल्याचीही खुर्ची तितकीच हलती आहे.

गावस्करांच्या बाबतीतही हा प्रश्न दोनदा आला. २००८ मध्ये आयसीसीच्या क्रिकेट समितीचं अध्यक्षपद की माध्यमांतलं काम, असा पेच आला तेव्हा त्यांनी माध्यम निवडलं. ही निवड स्वच्छ होती, आम्ही तिचं कौतुक करतो. पण त्याच काळात ते आणि शास्त्री आयपीएलच्या गव्हर्निंग कौन्सिलवरही होते आणि आयपीएलवर बोलतही होते. २०१७ मध्ये प्रशासक समितीतून बाहेर पडताना रामचंद्र गुहांनी लिहिलेल्या पत्रात त्यांच्या नावानं हितसंबंधांचा मुद्दा काढला : खेळाडूंचं व्यवस्थापन करणाऱ्या कंपनीचे प्रमुख आणि त्याच खेळाडूंवर बोलणारे समालोचक. गावस्कर त्यावर दुखावले, आपल्या सचोटीवर शंका घेतली म्हणून नाराजी व्यक्त केली. त्यांच्या सचोटीवर आम्हीही शंका घेत नाही. पण हितसंबंधाचा प्रश्न माणसाच्या सचोटीचा नसतोच. तो खुर्चीच्या रचनेचा असतो. चांगला माणूससुद्धा वाईट रचनेत गप्प बसतो, आणि त्याला वाटतं आपण समजूतदारपणा दाखवतोय.

जामठ्याचंच उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०१५, दक्षिण आफ्रिकेविरुद्धची कसोटी. तीन दिवसांत खेळ खलास, अश्विनचे बारा बळी, भारत १२४ धावांनी विजयी. आयसीसीनं खेळपट्टीला ‘पुअर’ ठरवलं आणि ताकीद दिली. नागपूरकर म्हणून आपल्याला ते झोंबलं. आपल्याच काळ्या मातीची बदनामी! पण आता श्रोता म्हणून विचार करा. अशा खेळपट्टीवर सामना चालू आहे आणि मालकाच्या पगारावरच्या माणसानं तिच्याबद्दल बोलायचं आहे. तो म्हणेल ‘चॅलेंजिंग’ आहे. तो म्हणेल फलंदाजांची कसोटी आहे. यातलं काही खोटं नाही. पण आफ्रिकेच्या पराभवात त्यांच्या फलंदाजीचा वाटा किती आणि मातीचा किती, हे खेळलेल्या माणसाशिवाय कोण सांगणार? आणि नेमकं तेच तो मोकळेपणानं सांगू शकत नसेल, तर त्याला खुर्चीवर बसवून आपण काय मिळवलं? खेळाडूचं ज्ञान घेतलं आणि त्याची जीभ बांधली. उलट २००८ ची जामठ्याची पहिली कसोटी घ्या. गांगुलीची शेवटची, लक्ष्मणची शंभरावी, जेसन क्रेझाचे पदार्पणात बारा बळी. त्या वेळी सगळ्यांना सगळं बोलता येतं, कारण बोलण्यात कुणाची अडचण नाही. समालोचकाची परीक्षा गौरवाच्या दिवशी होत नाही.

आता आपल्या भाषेकडं येऊ. २०२३ ला जिओसिनेमानं आयपीएल बारा भाषांत दाखवली आणि त्यात मराठी होती. केदार जाधव, धवल कुलकर्णी, किरण मोरे असे खेळाडू मराठीतून बोलू लागले. त्यातला केदार जाधवचा किस्सा तर जगावेगळा. मराठी कॉमेंट्री करत असतानाच त्याला बेंगळुरूच्या संघानं दुखापतग्रस्त डेव्हिड विलीच्या जागी घेतलं. माइक ठेवला, पॅड बांधले. आपण आज ज्या वाटेबद्दल बोलतोय ती उलटीही चालता येते, हे त्यानं दाखवलं.

मराठी कॉमेंट्री आली याचा आम्हाला मनापासून आनंद झाला. आणि म्हणूनच तिच्यावर बोलायचा हक्क आम्ही घेतो. ऐकताना दोन गोष्टी खटकतात. एक, वाक्य मराठी पण विचार हिंदीतून आलेला. हिंदी कक्षात जो शेर, जो फिल्मी संवाद, जी टाळ्याखाऊ तुलना चालते, तीच मराठीत आणली की काम झालं, अशी समजूत. दुसरी गोष्ट याच्या उलट. मधूनच कुणाला शुद्ध मराठीची आठवण येते आणि यष्टिरक्षक, क्षेत्ररक्षण, धावफलक सुरू होतं. दोन षटकांनी पुन्हा ओव्हर, विकेट, फिल्डिंग. दोन्ही शब्द चालतील हो, आम्हीही आज दोन्ही वापरतोय. प्रश्न तो नाही. प्रश्न हा, की गल्लीत खेळताना जी मराठी आपण रचली ती कुठं आहे? सरपटी बॉल. एक टप्पा आउट. रडीचा डाव. लिंबूटिंबू. भोपळा. हे शब्द कुठल्या परिभाषा कोशानं दिले नाहीत, पोरांनी घडवले. ‘लिंबूटिंबू’ या एका शब्दात संघातल्या त्या अकराव्या पोराची सगळी कहाणी येते. पुणे, मुंबई, नागपूर, कुठलाही मराठी खेळाडू याच भाषेत लहानाचा मोठा झाला. मग माइकसमोर बसला की ती कुठं जाते?

कॅनडाचं उदाहरण सांगतो, कारण ते आपल्याला शिकवण्यासारखं आहे. तिथला राष्ट्रीय हिवाळी खेळ म्हणजे बर्फावरची हॉकी. तिथंही वाट हीच आहे, खेळाडू थांबतो आणि टीव्हीवर येतो. पी. के. सुब्बान २०२२ मध्ये निवृत्त झाला आणि थेट ईएसपीएनवर दिसू लागला. पण तिथंच २००८ पासून पंजाबीत कॉमेंट्री सुरू झाली आणि तिचा आवाज झाला हरनारायण सिंग. हा व्यावसायिक खेळाडू नव्हे, अल्बर्टातल्या ब्रुक्स गावात वाढलेला, हॉकीनं वेडा झालेला मुलगा. त्यानं काय केलं? बर्फावरच्या त्या चपट्या काळ्या चकतीला, पकला, तो टिक्की म्हणाला. आलू टिक्कीतली टिक्की! २०१६ च्या अंतिम मालिकेत निक बोनिनोनं गोल केला तेव्हा त्यानं ‘बोनिनो’ हे नाव असं काही आळवलं, की पंजाबीचा एक शब्द न कळणाऱ्यांनीही ते ऐकलं. पिट्सबर्गच्या विजयोत्सवात त्या मंडळींना मानानं बोलावलं गेलं. जो खेळ पंजाबात नाही, ज्याला पंजाबीत एक शब्द नव्हता, त्या खेळाला एका न खेळलेल्या माणसानं घरची भाषा दिली. आणि आपल्याकडं? ज्या खेळाला मराठीत शंभर शब्द आहेत, त्याची कॉमेंट्री आपण उसन्या भाषेत ऐकतो.

विदर्भाबद्दल एक शब्द, नाहीतर तुम्ही सोडणार नाही. २०१७-१८ ला इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीला हरवून विदर्भानं पहिल्यांदा रणजी जिंकली, पुढच्या वर्षी जामठ्यावर पुन्हा, आणि २०२४-२५ ला केरळविरुद्ध तिसऱ्यांदा. पहिल्या दोन्ही वेळी संघात वसीम जाफर होते, मुंबईहून आलेले. आज ते विश्लेषक म्हणून बोलतात, मोजकं आणि मिश्किल बोलतात, ऐकायला बरं वाटतं. पण विदर्भाच्या मातीत घडलेला, दहा-पंधरा वर्षं रणजी खेळलेला, वऱ्हाडी बोलणारा माणूस मराठी कक्षात बसला तर? जामठ्याची खेळपट्टी तिसऱ्या दिवशी काय करते हे त्याच्या बोटांना माहीत असतं. भारताकडून खेळला नाही म्हणून त्याला माइक नाही आणि मैदानानंतर त्याला दुसरा धंदाही नाही. खेळाडूंच्या दुसऱ्या कारकिर्दीबद्दल आपण बोलतो तेव्हा पन्नास कसोटीवाल्यांचाच विचार करतो. त्यांची काळजी करायला जग आहे.

मग श्रोता म्हणून आपण काय करायचं? एक साधी कसोटी सांगतो. घरी गेल्यावर कुठल्याही मॅचची एक ओव्हर नीट ऐका. कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात, जे पडद्यावर दिसतच होतं तेच जेव्हा सांगितलं, तेव्हा एक रेघ. दुसऱ्यात, जे आपल्याला दिसलं नव्हतं ते सांगितलं तर रेघ : मिड-ऑन का मागं नेला, मनगट कुठं वळलं, फलंदाज क्रीजच्या किती बाहेर उभा आहे. तिसऱ्यात, काही विकलं गेलं तर रेघ : प्रायोजक, लीगची वाहवा, पुढच्या सामन्याची जाहिरात. जो शिफ्टवर नुसतं ऐकतोय त्यानं पहिल्या रकान्यालाही मान द्यावा, कारण त्याला चित्र दिसत नाही. त्याला स्कोअर आणि बॉल कुठं गेला हे सांगणाराच देव. पण माजी खेळाडूला आपण खुर्ची दिली ती दुसऱ्या रकान्यासाठी. तो रिकामा आणि तिसरा भरलेला असेल, तर त्यानं किती कसोट्या खेळल्या याच्याशी आपल्याला काही देणंघेणं नाही.

२०१६ च्या मार्चमध्ये अमिताभ बच्चन यांनी ट्विट केलं होतं, की भारतीय समालोचकानं आपल्या खेळाडूंबद्दल जास्त बोलावं. धोनीनं त्याला दुजोरा दिला. त्याच महिन्यात जामठ्यावर टी-ट्वेंटी विश्वचषकात न्यूझीलंडनं १२६ केल्या होत्या आणि आपण ७९ मध्ये बाद झालो होतो. सँटनरनं चार बळी घेतले. त्या रात्री आपल्या खेळाडूंबद्दल जास्त बोलायचं म्हणजे काय बोलायचं होतं? सँटनरनं चेंडू कसा टाकला, आपण फिरकीवर कसे अडकलो, हेच की नाही? आपल्याला टाळ्या वाजवणारा हवा असेल तर तो सहज मिळतो, मंडळही देतं, चॅनलही देतं. शिफ्टवरच्या त्या माणसाला मात्र ७९ का झाल्या हे कळायला हवं. तो दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये त्यावरच भांडणार आहे. त्याला भांडायला खरा माल द्या, एवढंच आमचं कक्षातल्या मंडळींना सांगणं आहे.

प्रश्न असतील तर विचारा. वेळ आहे.